एक ही संख्या वगळता

गणित हा सर्व ज्ञानाचा पाया आहे आणि पाया कच्चा राहिला तर वरची इमारत कितीही देखणी असली तरी कोसळल्याशिवाय राहत नाही, असं रामहरी वाघचवरे सर नववी-दहावीच्या वर्गांना वीस-बावीस वर्षं बजावत आले होते. हे बजावताना त्यांचा आवाज जड व्हायचा आणि खडूचा हात हवेत थांबायचा. यंदाच्या जूनमध्ये संस्थेनं त्यांना उचललं आणि थेट पायातच नेऊन बसवलं. तेव्हा सरांना कळलं, की पाया साडेतीन फूट उंच असतो, त्याचं नाक वाहत असतं, आणि बेरीज सुरू झाली की त्याला शूला लागते.

नववी-दहावीची मुलं इंग्रजी माध्यमाकडे गेली, तुकडी तुटली आणि सर अतिरिक्त ठरले. माणूस अतिरिक्त ठरतो म्हणजे तसं काही होत नाही. तो आधीएवढाच चहा पितो, फक्त शिपाई त्याला तो सगळ्यांत शेवटी देतो. संस्थेनं सरांपुढे दोन वाटा ठेवल्या: शुक्रवार पेठेतल्या प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग, नाहीतर जेऊरच्या शाळेत गणिताची रिकामी जागा. जेऊरबद्दल सरांच्या मनात वाकडं काही नव्हतं. गावाला स्टेशन आहे, केळीच्या बागा आहेत. पण घरात वडील अंथरुणाला खिळलेले. रोज सकाळी त्यांना उचलून बाथरूममधल्या खुर्चीत बसवायचं काम सरांचं. महादेवीबाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, ते एकटीनं उचलत नव्हते आणि परक्या माणसानं हात लावला की म्हातारा त्याला चावायचा. म्हणून सरांनी पहिली घेतली.

त्याला एक अट होती. दिवाळीनंतर विस्तार अधिकारी येऊन सरांचा ‘कृतीतून गणित’ या पद्धतीचा पाठ बघणार, अहवाल संस्थेकडे जाणार, आणि अहवाल वाईट आला तर जेऊर.

जुलैत प्रशिक्षण झालं. सभागृहातल्या खुर्च्या काढून सतरंज्या टाकल्या होत्या, कारण नव्या पद्धतीत शिक्षकानं मुलांच्या पातळीवर यायचं असतं. सर टप्प्याटप्प्यानं पातळीवर आले. प्रशिक्षण देणारी मुलगी त्यांच्या मोठ्या भाचीच्या वयाची होती.

“सर, तीन म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“दोन आणि चार यांच्यामधली नैसर्गिक संख्या.”

“हो, पण मुलाला काय दिसेल?”

“मुलाला काय दिसायचं ते दिसेल. मी व्याख्या सांगितली.”

मुलीनं गोड हसून सरांना तीन उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या उडीला गुडघ्यातून जो आवाज आला तो शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांच्या अध्यापनात गणितासाठी सरांना पडलेल्या या पहिल्या टाळ्या. निघताना मुलीनं सार सांगितलं: मुलांना रोजच्या परिसरातल्या वस्तू द्या, हाताळू द्या, तुम्ही शिकवू नका, त्यांना शिकू द्या. ‘तुम्ही शिकवू नका’ हे वाक्य सरांना घरापर्यंत टोचत राहिलं.

परिसरातली वस्तू म्हटलं की सोलापूरच्या माणसाला आधी शेंगा आठवतात. सरांनी भाजक्या शेंगा नेल्या, प्रत्येकापुढे पाच-पाच ठेवल्या आणि दोन बाजूला काढायला सांगितल्या.

“आता किती उरल्या?”

“टरफलं,” पहिल्या रांगेतला आवेज म्हणाला.

वजाबाकी झाली होती, यात शंका नाही. ती सरांची वाट बघत थांबली नव्हती, एवढंच. पुढचा तास पाणी पिण्यात आणि त्या पाण्याचे परिणाम निस्तरण्यात गेला.

संध्याकाळी शेजारच्या चन्नवीर अण्णांनी गॅलरीतून चौकशी केली. अण्णा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. पेठेत त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि संध्याकाळी गॅलरीतून सल्ला देणं हा त्यांचा जोडधंदा होता. त्यांनी सरांचा मोडलेला नळ, सरांच्या मुलीचं स्थळ आणि सरांचा रक्तदाब या तिन्ही बाबतींत आजवर मार्गदर्शन केलं होतं. त्यातला नळ अजून गळत होता.

“एनरी सर, खायची वस्तू कशाला देता पोरांना? चिंचोके द्या की. कडक असतंय, खाता येत न्हाय, मोजायला लई बेस.”

सरांनी चिंचोके नेले. अण्णांचं खरं होतं, ते खाता आले नाहीत. आवेजनं तोंडात घालून बघितला, कडक लागला, म्हणून बाहेर काढला आणि नाकात घातला.

डॉक्टरांच्या दवाखान्यात आवेजची दादी गुलबानो आधीच येऊन उभी होती. तिचा शाळेच्या फाटकाशेजारी चुरमुरे-फुटाण्यांचा गाडा होता, त्यामुळे शाळेतली कुठलीही बातमी मुख्याध्यापकांच्या आधी तिला कळायची.

“क्या सर! पोरगा पढके साब बनेगा बोलके भेजी मैं,” ती म्हणाली आणि बाकीच्या पेशंटांनाही समजावं म्हणून मराठीवर आली, “डोक्यात घालायचं ते नाकात घातलं की हो तुम्ही!”

डॉक्टर सरांचा जुना विद्यार्थी निघाला. सरांचा हा कायमचा त्रास. गावात जिथे जिथे मान खाली घालून जायची वेळ येते, तिथे तिथे त्यांचा एखादा जुना विद्यार्थी खुर्चीत बसलेला असतो.

“सर, तुमच्यामुळे मला त्रिकोणमिती कळली,” डॉक्टर चिमटा शोधत म्हणाला. “हल्ली काय शिकवता?”

“हल्ली,” सर भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत म्हणाले, “एक ते दहा.”

सप्टेंबरात सर संस्थेच्या कचेरीत जाऊन आले. जेऊरची टांगती तलवार नेमकी कुठे टांगली आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. कारकून डबा खात होता. “साहेब रजेवर हायत,” तो म्हणाला. “दिवाळीनंतर या.” सर भाजीच्या वासासह परत आले.

दिवाळीची सुट्टी संपली आणि अधिकाऱ्यांची तारीख दिसू लागली. आता दशक शिकवणं भाग होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत दहा काड्यांची जुडी रबराने बांधलेलं सुबक चित्र होतं. सरांनी मुलांना सांगितलं, उद्या येताना घरून खराट्याच्या दहा काड्या आणा. अगदी निरुपद्रवी वाक्य. घरी त्यांनी स्वतःही रात्री जुड्या बांधायचा सराव केला.

दुसऱ्या दिवशी मुलांनी काड्या आणल्या, आणि काड्यांच्या मागोमाग आया आणि आज्या आल्या. पुढे केराबाई होत्या, वर्गातल्या एका मुलीच्या आजी, आणि त्यांच्या हातात केरसुणीचा उरलेला बुडखा होता.

“सर, ह्ये बघा! लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहिलेली लक्ष्मी हाय ही. पंधरा दिस झालं न्हाईत पुजून, अन् टकली केली की तुमच्या हिशोबानं!”

“आजी, मी खराटा म्हणालो होतो. खराटा वेगळा, केरसुणी वेगळी.”

“आमच्यात खराटा कुटं हाय? शेजारनीचा हाय.” केराबाईंनी मागे वळून शेजारणीकडे बघितलं. “तिचा बी आता न्हाय.”

सरांनी वर्गसमीकरण सोडवून दाखवलं असतं तर त्यांना एवढा घाम आला नसता. मुख्याध्यापिका संघप्रिया बनसोडे मॅडम धावत आल्या. त्या सरांपेक्षा वयानं बऱ्याच लहान आणि सरांना ‘सर’ म्हणणं सोडवत नाही म्हणून मनातल्या मनात कुढणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि शाळेच्या वतीनं नव्या केरसुण्या कबूल केल्या. सर हताश होऊन घरी आले तर महादेवीबाई दारातच उभ्या.

“अहो, आपली केरसुणी बघितली का?”

सरांनी बघितली होती. सराव तिच्यावरच झाला होता.

“पहिलीच्या पोरांना कळत नाही ते मी समजू शकते,” महादेवीबाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून आत गेल्या. संसारात काही वाक्यं अर्धी सोडलेलीच जास्त लागतात. त्या रात्री सरांनी वडिलांना कुशीवर वळवताना त्यांच्या कानाशी ‘जेऊर’ असं एकदा म्हणून बघितलं. म्हाताऱ्यानं सरांच्या मनगटाला घट्ट धरलं आणि सकाळपर्यंत सोडलं नाही.

चिंचोक्यामुळे अण्णांचं मनही त्यांना खात होतंच. रविवारी ते गॅलरी सोडून स्वतः घरात आले.

“सर, लई मनाला लावून घेतलाव. हे बघा, पोरांना मोजायला शिकवायचंय न्हवं? मग मोजणं आमचं काम. आमच्या आजोबांची मापं हायत दुकानात, पितळी. काटा आल्यापासून नुसती बसून हायत. आमी ज्वारी आणतो, मापं आणतो. पोरं मोजतील. खाता येत न्हाय, नाकात घातली तर शिंक येऊन बाहेर पडतीय.”

सरांनी बाकीचं सोडून शेवटच्या मुद्द्यावर होकार दिला.

बनसोडे मॅडमनी मात्र डोक्याला हात लावला. “सर, शाळेत धान्य आलं की ते पोषण आहाराच्या साठ्यात दाखवावं लागतं.”

“मग दाखवा.”

“दाखवलं की शिजवावं लागतं.”

“मग दाखवू नका.”

“न दाखवता सापडलं की माझी चौकशी लागते.”

बराच वेळ दोघं ज्वारीच्या कायदेशीर स्वरूपाचा विचार करत बसली. शेवटी मॅडमनी वरच्या कार्यालयाला फोन लावला, तिथून त्यांना दुसऱ्या टेबलाचा नंबर मिळाला, त्या टेबलानं परत पहिल्याचाच नंबर दिला. अखेर मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर ज्वारीची नोंद ‘शैक्षणिक साहित्य, न शिजवण्याचे’ अशी केली. देशात ज्वारीला इतका प्रतिष्ठित दर्जा याआधी मिळाला असेल असं सरांना वाटत नव्हतं.

आणि मग एक आश्चर्य घडलं. पाठ चालू लागला.

अण्णा धुतलेलं धोतर नेसून वर्गात आले, ज्वारीच्या राशीपुढे मांडी घातली, माप भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं आणि शेजारच्या वेताच्या पाटीत ओतलं. “लाभ,” ते म्हणाले. दुसरं ओतलं, “दोन.” तिसरं ओतलं, “तीन.” मुलं डोळे विस्फारून बघत राहिली. सोलापूरकडे धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही. लाभ म्हणायचं, म्हणजे धान्य वाढतं. एक म्हटलं तर ते एकावरच थांबतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पाळण्यातच कानावर पडतं. सर लहानपणी हेच ऐकत राशीशेजारी झोपायचे. त्यांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. दारात उभ्या असलेल्या बनसोडे मॅडमनाही वाटलं नाही. खिडकीतून बघणाऱ्या केराबाई तर म्हणाल्या, “आत्ता कसं शाळेवानी वाटतंय.”

दोन-चार दिवसांनी गुलबानोही चुरमुऱ्यांचं पोतं घेऊन आली. नाकाचं प्रकरण ती विसरली नव्हती, पण अण्णांना वर्गात बसायला मिळतं आणि आपल्याला नाही, हे तिला सहन होईना. तिनं पहिलं माप ओतताना “बरकत” म्हटलं आणि मग दोन, तीन, चार. हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या गाड्यावर कायम असंच मापलं जायचं.

आता पहिलीचा वर्ग दिवसभर मापत असायचा. कुणी रडेना, कुणाला शूला लागेना. कबुतरं खिडकीत येऊन बसायला लागली आणि एका मापात उंदीर निघाला, पण मुलांनी त्यालाही शांतपणे बाजूला काढून ठेवलं. आठवड्याच्या शेवटी ती मुलं दहाच्या पुढे गेली, बेरीज करू लागली, आणि वजाबाकी तर एवढ्या जोरात की ज्वारी छपरापर्यंत उडायची. सर पहिल्यांदाच हात मागे बांधून वर्गात फिरले. आपण शिकवत नाही आहोत, हे त्यांना आता टोचेनासं झालं.

अधिकारी आल्या त्या खेडेकर मॅडम, नुकत्याच ठाण्याहून बदलून आलेल्या. जन्मभर धान्य पाकिटात पाहिलेलं. स्वभावानं गोड. त्या मागच्या सतरंजीवर बसल्या, मुलांनी मापायला सुरुवात केली आणि सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, “लाभ, दोन, तीन, चार...”

मॅडमना वाटलं, एखादं बालगीत असावं. त्या कौतुकानं हसल्या. मग त्यांनी एका मुलीला जवळ घेतलं. ही केराबाईंची नात.

“बाळा, भिंतीवर घड्याळं किती आहेत?”

“लाभ.”

“बरं. तुला नाक किती?”

“लाभ.”

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर प्रसन्नपणे मान डोलावत होते, कारण उत्तर बरोबर होतं. मॅडमनी पुन्हा मुलीकडे बघितलं.

“शाळेला मुख्याध्यापिका किती?”

“लाभ!” सगळा वर्ग ओरडला. बनसोडे मॅडम अस्पष्टशा लाजल्या.

“बरकत!” आवेज उभा राहून म्हणाला.

“लाभ!”

“बरकत! दादी बरकतच म्हणते!”

वर्गात दोन तट पडले आणि ज्वारी हवेत उडाली. आता कुठे सरांना घोळ कळला. त्यांनी घाईघाईनं फळ्यावर मोठा एकचा आकडा काढला.

“मुलांनो, हे काय आहे?”

“लाभ!”

“एक म्हणायचं, बाळांनो, एक,” बनसोडे मॅडम मधे पडल्या.

“मॅडम, पहिल्याला तसं म्हनू नाई,” केराबाईंची नात समजावून सांगणाऱ्या सुरात म्हणाली. “धान्य सरतंय.”

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे जेऊरचं स्टेशन आलं, आणि वडिलांना उचलायला येऊन चावून घेणारा कुणीतरी परका माणूस. हे सगळं थांबवायला फक्त एका शब्दाची गरज होती. सर मांडी घालून बसले, गुडघा वाजला तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. “नीट बघा,” ते म्हणाले. “मी माप भरतोय. मी ते ओतणार आणि काय म्हणणार, ऐका.” सगळी मुलं पाटीभोवती सरकली. खेडेकर मॅडम पुढे वाकल्या. सरांनी माप शिगोशीग भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं, पाटीत उपडं केलं. ज्वारी सळसळत पडली.

“लाभ,” सर म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

खेडेकर मॅडमनी चहा घेतला नाही. जाताना त्या बनसोडे मॅडमना दारात हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, की तुमच्या सरांची तब्येत बरी असते ना.

अहवाल पंधरवड्यानं आला. बनसोडे मॅडमनी तो सरांना स्वतःच्या टेबलाशी बसवून दाखवला. ‘मुले साहित्य आत्मविश्वासाने हाताळतात. बेरीज, वजाबाकी व दशक संकल्पना स्पष्ट आहेत. एक ही संख्या वगळता वर्गाची प्रगती समाधानकारक आहे.’

“हे चांगलं आहे की वाईट?” सरांनी विचारलं.

“मला नाही सांगता येणार, सर,” मॅडम म्हणाल्या. “बाकी सगळ्या संख्या तर येतात म्हणताहेत.”

चन्नवीर अण्णांच्या मते अहवाल उत्तम होता. एवढ्या संख्यांतली एकच गेली तर व्यापारात तेवढी घट धरतातच. गुलबानोच्या मते चूक अण्णांची होती, बरकत शिकवलं असतं तर मॅडमना कळलं असतं.  महादेवीबाईंनी माळ्यावरून सरांची जुनी वळकटी काढून उन्हात टाकली आणि सासऱ्यांना उचलायला माणूस मिळतो का, याची फोनवरून चौकशी सुरू केली. पहिला माणूस बघायला आला आणि दंडावर दात उमटवून घेऊन गेला.

शेवटी सरांना राहवेना. त्यांनी अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते संस्थेच्या कचेरीत गेले. काय बोलायचं ते त्यांनी रिक्षात दोनदा म्हणून बघितलं: वडिलांची अवस्था, सेवेची वर्षं, दहावीचे निकाल, आणि ‘एक’ या संख्येबाबत आपण वैयक्तिक लक्ष घालू अशी हमी. कारकून डबा खात होता. सरांनी अहवालाचं नाव काढलं. कारकुनानं बोटं चाटली, उठून कपाट उघडलं आणि फायलींमध्ये शोधलं. अहवाल आला होता. तो कुणी उघडला नव्हता.

“आणि जेऊरचं काय?” सरांनी धीर करून विचारलं.

“जेऊरचं काय?”

“तिथली गणिताची जागा.”

“ती व्हय,” कारकून म्हणाला, आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. “ती ऑगस्टमध्येच भरली की, सर.”